लक्ष्मीची पावलं

मुलुंडच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवरच्या नक्षीदार फरशा विटल्या, म्हणून मी हौसेने त्यांवर लाल रंग फासला. आठवडाभर घरात लक्ष्मीची पावलं उमटत होती; फरशा होत्या तशाच!

"साहेब, ही काय भिंत आहे?" गवंडी हसला.

पूर्वी श्रीमंतांघरी विलायतेतून मिंटनच्या फरशा येत. १९२२ साली फेरोजशा सिधवांनी 'भारत'च्या स्वदेशी सिमेंटी फरशा काढल्या. त्या भाजत नाहीत. वरच्या थरातच रंग कालवून यंत्राखाली दाबतात. म्हणजे रंग फासलेला नसतो, मुरलेला असतो.

गवंड्याने पाणी ओतून पॉलिशचा दगड फिरवला. आजोबांच्या वेळची वेलबुट्टी वर आली!

आता घर पाडायचंय. नवी फरशी चकचकीत असणार.

"पायांना रंग नाही ना लागणार?" सौ.ने विचारलं.

नाही लागणार. तेच तर दुःख आहे!