जेऊरचे ग्रहण आणि नेत्रिकेची निवड

सोलापूरहून पुण्याला जाताना करमाळा तालुक्यात जेऊर स्थानक लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी या परिसरातून सुमारे दोन मिनिटे खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी नायगमवाला येथे तळ ठोकून होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही आले होते. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग ५ इंच व्यासाचे, पण नाभीय अंतर ४० फूट! त्यामुळे सूर्यबिंबाची प्रतिमा सुमारे साडेचार इंचांची पडे. कॅमेऱ्याला नेत्रिका नव्हती. प्रतिमा पडते तेथे छायाचित्रणाची काच ठेवली, की काम झाले.

नेत्रिका, म्हणजे बाजारातला आयपीस, निवडताना हे ध्यानात ठेवावे. प्रतिमा तयार करते ते पुढचे भिंग किंवा आरसा. नेत्रिकेतून आपण ती मोठी करून पाहतो, एवढेच. ९०० मि.मी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मि.मी.ची नेत्रिका लावली तर विशालन ३६ पट होते, ९ मि.मी.ची लावली तर १०० पट. पण ६० मि.मी. व्यासाच्या दुर्बिणीतून साधारण १२० पटींच्या पुढे नवा तपशील दिसत नाही. मग खोक्यावर ४५० पट छापलेले असले तरी त्याचा उपयोग काय?

नेत्रिकेचा दर्जा कशावर ठरतो, हे तिच्या इतिहासावरून कळते. सतराव्या शतकात हायगेन्सने दोन साधी भिंगे वापरली. त्या काळच्या लांबलचक दुर्बिणींना ती पुरेशी होती. १८४९ मध्ये केलनरने डोळ्याकडील भिंग दोन काचा चिकटवून केले. त्यामुळे रंगीत कडा कमी झाल्या. १८६० मध्ये व्हिएन्नाच्या प्लॉसलने अशा दोन जोड्या समोरासमोर बसवल्या. हौशी मंडळी आरसा घासून ज्या आखूड दुर्बिणी बनवतात, त्यांना हायगेन्सची नेत्रिका मानवत नाही. प्लॉसलची चांगली चालते.

पारख सोपी आहे. एखादा तारा दृश्यक्षेत्राच्या मध्यावर आणावा, मग हळूहळू कडेकडे सरकवावा. तो जितका कमी फिसकटेल तितकी नेत्रिका चांगली. शाळेचा पैसा मोजका असतो. तेव्हा पाच हलक्या नेत्रिकांपेक्षा २५ आणि १० मि.मी.च्या दोन चांगल्या घ्याव्यात.

मग कपाटातली जुनी हायगेन्स टाकून द्यायची का? मुळीच नाही. तिच्या काचा चिकटवलेल्या नसतात, म्हणून सूर्याच्या उष्णतेने त्यांचा जोड बिघडण्याचा प्रश्न येत नाही. नळी धातूची असेल, तर लहान दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्यबिंब पाडण्यास तीच योग्य. मात्र शोधक दुर्बीण झाकून ठेवावी आणि मुलांना नेत्रिकेजवळ फिरकू देऊ नये. नेत्रिकेला लावायच्या काळ्या काचेवर तर कधीच विसंबू नये. ती तापून तडकते आणि डोळा जातो. जेऊरला काचेने सूर्य टिपला, आपण तो कागदावर टिपू.