गेलेला विश्वास आणि गेलेली बाजारपेठ



विश्वास पानिपतांत गेला, असें आपण सहज म्हणतों. परंतु राज्यकारभारांत गमावलेला विश्वास परत मिळविण्यास काय मोल पडतें, हें ब्रिटनमधील गुरांच्या एका रोगाच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

सन १९८६ च्या नोव्हेंबरांत तेथील पशुवैद्यांनीं गाईंच्या मेंदूची चाळण करणारा एक नवा रोग ओळखला. त्यास बी. एस. ई. असें नांव मिळालें. लोक मात्र त्यास 'वेड्या गाईचा रोग' म्हणूं लागले. मृत जनावरांच्या मांसाची व हाडांची भुकटी गुरांच्या खुराकांत मिसळीत असत. तिच्यांतून तो पसरला होता. जुलै १९८८ मध्यें सरकारनें रवंथ करणाऱ्या जनावरांस असा खुराक घालण्याची मनाई केली. पुढील महिन्यांत रोगट गुरें मारण्याचा हुकूम निघाला. पण भरपाई निम्मीच ठरली. मोबदला अपुरा असला म्हणजे रोग लपविण्याचा मोह होतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. १९९० च्या फेब्रुवारींत ती पूर्ण करण्यांत आली.

उपायांची दिशा बरोबर होती. चूक झाली ती बोलण्यांत. मे १९९० मध्यें कृषिमंत्री जॉन गमर यांनीं वृत्तपत्रकारांसमोर आपल्या चिमुरड्या मुलीस गोमांसाचा बर्गर देऊं केला. मांस निर्धोक आहे, हा त्याचा अर्थ. १९९२ या एका वर्षांत ३६,००० हून अधिक गुरांस रोग जडला. शेवटीं २० मार्च १९९६ रोजीं आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना पार्लमेंटांत सांगावें लागलें कीं, दहा तुलनेनें तरुण रुग्णांच्या मेंदूविकाराचा या रोगाशीं संबंध असण्याचा संभव आहे. आठवड्याच्या आंत युरोपीय संघानें ब्रिटिश गोमांसाची साऱ्या जगाशीं होणारी निर्यात बंद केली.

आतां शब्दांस किंमत उरली नव्हती. तीस महिन्यांवरील गुरांचें मांस विक्रीस वर्ज्य ठरलें. लाखों गुरें मारून नष्ट करावीं लागलीं. १ जुलै १९९६ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक वासरास पासपोर्ट देण्यांत येऊं लागला. त्याचा जन्म कोठें झाला, तें कोणाच्या गोठ्यांत गेलें, याची नोंद होऊं लागली. या नोंदींच्या बळावर १ ऑगस्ट १९९९ रोजीं निर्यातीचें दार किलकिलें झालें: १ ऑगस्ट १९९६ नंतर जन्मलेल्या गुरांचें, हाडें काढलेलें मांसच तेवढें बाहेर जाऊं शकलें. फ्रान्सनें तेंही नाकारलें. डिसेंबर २००१ मध्यें युरोपीय न्यायालयाचा निर्णय विरुद्ध गेल्यावरहि त्यानें ऑक्टोबर २००२ पर्यंत दार उघडलें नाहीं. बंदी पूर्णपणें उठली ती ३ मे २००६ रोजीं. म्हणजे दहा वर्षांनीं.

त्या मानवी विकारानें ब्रिटनमध्यें पावणेदोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी-अहवालानें २००० सालीं सरकारवर ठपका ठेवला तो मुख्यतः याच गोष्टीचा, कीं लोक घाबरतील या भीतीनें त्यांस केवळ धीर देण्यांत आला. खरें सांगितलें असतें, तर लोक घाबरले असते खरे. पण त्यांस आपण फसलों असें वाटलें नसतें. मंत्र्याच्या आश्वासनानें जें साधलें नाहीं, तें वासराच्या पासपोर्टानें साधलें. कारण तो पासपोर्ट कोणासहि पडताळून पाहतां येत होता.