हार्डमन आणि कंपनी (आयर्लंडमधील काचचित्रे)

हार्डमन आणि कंपनी ही इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील चर्चसाठी धातुकाम व रंगीत काचचित्रे तयार करणारी संस्था होती. जॉन हार्डमन (१८११–१८६७) यांनी १८३८ मध्ये तिची स्थापना केली. वास्तुविशारद ऑगस्टस वेल्बी नॉर्थमोर प्युजिन (१८१२–१८५२) हे संस्थेचे प्रमुख संकल्पक होते. गॉथिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीत या संस्थेचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या कॅथलिक चर्चच्या सजावटीवर तिचा ठळक प्रभाव पडला. तिच्या डब्लिन येथील शाखेतूनच पुढे अर्ली आणि कंपनी ही आयरिश संस्था उदयास आली.

पार्श्वभूमी

आयर्लंडमधील बहुसंख्य जनता कॅथलिक असली तरी सतराव्या व अठराव्या शतकांतील दंडविधानांमुळे तिच्या उपासनेवर व मालमत्तेवर कडक निर्बंध होते. मध्ययुगीन चर्च प्रॉटेस्टंट राज्यधर्माच्या ताब्यात गेली होती, अनेक मठ भग्न झाले होते आणि जुनी रंगीत काच जवळजवळ नष्ट झाली होती. १८२९ च्या कॅथलिक मुक्ती कायद्याने उरलेले बहुतेक राजकीय निर्बंध दूर झाले. त्यानंतर गावोगावी मोठी चर्च बांधण्यास वेग आला. या चर्चच्या उंच खिडक्यांसाठी रंगीत काच हवी होती. परंतु एवढी मागणी भागवू शकेल अशी कार्यशाळांची परंपरा देशात उरली नव्हती. त्यामुळे काच प्रामुख्याने इंग्लंडमधून आणि नंतर जर्मनीतून येऊ लागली. ब्रिटनमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ मध्ये रद्द झाल्यानेही या व्यवसायास चालना मिळाली.

प्युजिन व हार्डमन यांचे सहकार्य

हार्डमन यांचे घराणे बर्मिंगहॅममध्ये बटणे तयार करण्याच्या धंद्यात होते. प्युजिन यांनी १८३५ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारला. त्यांच्या आराखड्यांनुसार मेणबत्तीदाने, पूजापात्रे व इतर धातूच्या वस्तू घडविण्यासाठी हार्डमन यांनी नवी संस्था सुरू केली. काचचित्रांसाठी प्युजिन यांनी प्रारंभी विल्यम वॉरिंग्टन, टॉमस विलेमेंट आणि विल्यम वेल्स यांच्याकडून काम करून घेतले. यांपैकी वेल्स यांच्या कार्यशाळेतील काचचित्रे मुंबईत कुलाबा येथील अफगाण चर्चमध्येही आहेत. या कारागिरांच्या कामाने प्युजिन यांचे समाधान झाले नाही. त्यांच्याच आग्रहावरून हार्डमन यांनी १८४५ च्या सुमारास स्वतःचा काचविभाग उघडला.

प्युजिन हे रॅम्सगेट येथील आपल्या घरी रेखाटने करीत. तेथेच त्यांचे शिष्य व हार्डमन यांचे भाचे जॉन हार्डमन पॉवेल (१८२७–१८९५) त्यांना साहाय्य करीत. प्रत्यक्ष काच कापणे, रंगविणे, भाजणे व जोडणे ही कामे बर्मिंगहॅममध्ये होत. १८५० मध्ये पॉवेल यांचा विवाह प्युजिन यांची ज्येष्ठ कन्या ॲन यांच्याशी झाला. प्युजिन यांच्या निधनानंतर पॉवेल संस्थेचे मुख्य संकल्पक झाले.

आयर्लंडमधील कार्य

प्युजिन यांची आयर्लंडमधील बहुतेक चर्च वेक्सफर्ड परगण्यात आहेत. तेथील संसदसदस्य जॉन हायसिंथ टॅलबट यांच्या घराण्याचा आश्रय त्यांना लाभला होता. एनिसकॉर्थी येथील सेंट एडन कॅथेड्रल, गोरी येथील सेंट मायकेल चर्च आणि किलार्नी येथील सेंट मेरी कॅथेड्रल या त्यांच्या प्रमुख आयरिश वास्तू होत.

किलार्नी कॅथेड्रलचे बांधकाम १८४२ मध्ये सुरू झाले. मात्र महादुष्काळाच्या काळात निधीअभावी ते थांबले. अर्धवट बांधलेल्या इमारतीत दुष्काळग्रस्तांना आश्रय देण्यात आला. पुढे वास्तुविशारद जे. जे. मॅकार्थी यांच्या देखरेखीखाली काम पुन्हा सुरू होऊन १८५५ मध्ये कॅथेड्रलचा अभिषेक झाला. येथील हार्डमन यांची काचचित्रे संस्थेच्या आयर्लंडमधील महत्त्वाच्या कामांत गणली जातात. १९७० च्या दशकातील नूतनीकरणात आतील गिलावा व बरीच मूळ सजावट काढून टाकण्यात आली. त्यामुळे मूळ अंतर्भागाची कल्पना येण्यासाठी काचचित्रांचे महत्त्व अधिक वाढले आहे.

डब्लिन शाखा

वाढत्या मागणीमुळे संस्थेने १८५० च्या दशकात डब्लिन येथे शाखा उघडली. तिची जबाबदारी टॉमस अर्ली (१८१९–१८९३) यांच्याकडे होती. पुढील दशकात ही शाखा स्वतंत्र होऊन अर्ली आणि पॉवेल्स या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅमडन स्ट्रीटवरील या कार्यशाळेत काचचित्रांबरोबर संगमरवरी वेद्या, मूर्ती व भित्तिसजावटही तयार होत असे. पुढे व्यवसाय अर्ली कुटुंबाकडे आला व १९७५ पर्यंत चालू राहिला. अशा रीतीने आयात कलेची विक्री करणारी शाखा स्थानिक उद्योगात रूपांतरित झाली.

निर्मितीचे तंत्र

प्रथम लहान रंगीत आराखडा तयार करून ग्राहकाची संमती घेतली जाई. त्यानंतर खिडकीच्या प्रत्यक्ष आकाराचे रेखाचित्र काढले जाई आणि त्यानुसार काचेचे तुकडे कापले जात. काचेचा मूळ रंग ती वितळत असतानाच धातूंची ऑक्साइडे मिसळून मिळतो. उदाहरणार्थ, कोबाल्टमुळे निळा रंग येतो. गडद लाल काच प्रकाश अडवते. म्हणून पांढऱ्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढविला जातो. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या व अक्षरे लोहाच्या ऑक्साइडयुक्त तपकिरी रंगाने रेखून तुकडे भट्टीत भाजले जातात. रुप्याच्या संयुगाचा लेप दिल्यास काचेवर पिवळी ते केशरी छटा उमटते. शेवटी तुकडे शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवून सांधे झाळले जातात आणि तयार फलकांना लोखंडी आडव्या गजांचा आधार दिला जातो.

प्युजिन यांच्या मते शिशाची रेषा हा चित्राचाच भाग होता. ती लपवू नये, असा त्यांचा आग्रह होता. तत्कालीन कारखान्यांतील काच अतिशय पातळ व एकसारखी असल्याने तिच्यातून प्रकाश थेट आरपार जाई. मध्ययुगीन काचेतील बुडबुडे व असमान जाडी यांमुळे रंगांना येणारी खोली तीत नव्हती. काचेचे अभ्यासक चार्ल्स विन्स्टन यांनीही १८४७ च्या ग्रंथात जुन्या काचेच्या गुणधर्मांकडे लक्ष वेधले. त्यानंतर जाड, असमान काच पुन्हा तयार करण्याचे प्रयत्न झाले.

विषय

काचचित्रांत ख्रिस्ताचे जीवन, माता मेरी व प्रेषित यांच्याबरोबर पॅट्रिक, ब्रिजिड व कोलंबा या आयरिश संतांना स्थान मिळाले. अनेक खिडक्या दिवंगत नातेवाइकांच्या स्मरणार्थ देणगीतून बसविल्या जात व तळाशी देणगीदाराचे नाव कोरले जाई. त्यामुळे या खिडक्या स्थानिक समाजाच्या इतिहासाचेही साधन ठरतात.

स्पर्धा व टीका

१८६० नंतर म्युनिक येथील मायर आणि कंपनीची काचचित्रे आयर्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. हार्डमन यांच्या सपाट, रेखाप्रधान मांडणीऐवजी त्यांत तैलचित्रासारखी खोली व भावपूर्ण चेहरे असत. ही शैली बऱ्याच धर्मगुरूंना व भाविकांना रुचली.

शतकाच्या अखेरीस राष्ट्रीय जागृतीबरोबर आयात काचेवर टीका होऊ लागली. नाटककार एडवर्ड मार्टिन यांनी आयरिश चर्चमधील परदेशी, साचेबद्ध काचकामाला विरोध केला. त्यांच्या प्रयत्नांतून डब्लिनच्या कलाशाळेत ए. ई. चाइल्ड यांच्या मार्गदर्शनाखाली काचकलेचे शिक्षण सुरू झाले. १९०३ मध्ये चित्रकार सारा पर्सर यांनी अन तूर ग्लिने, म्हणजे काचेचा मनोरा, ही सहकारी कार्यशाळा स्थापन केली. लॉक्रे येथील सेंट ब्रेंडन कॅथेड्रलमध्ये या चळवळीची सुरुवातीची कामे पाहावयास मिळतात. मायकेल हीली, विल्हेल्मिना गेडिस व ईव्ही होन हे या कार्यशाळेशी संबंधित प्रमुख कलावंत होते; स्वतंत्रपणे काम करणारे हॅरी क्लार्क (१८८९–१९३१) यांनीही आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळविली.

या टीकेमुळे व्हिक्टोरियन काचकाम दीर्घकाळ दुय्यम मानले गेले. ते सरसकट यांत्रिक होते, हे मत मात्र आता पूर्णपणे स्वीकारले जात नाही. एकच आराखडा थोडाफार बदलून अनेक ठिकाणी वापरला गेला हे खरे असले, तरी प्युजिन व पॉवेल यांच्या उत्तम खिडक्यांत वास्तू, विषय व प्रकाश यांचा काळजीपूर्वक मेळ घातलेला दिसतो.

संवर्धन

सुमारे शंभर वर्षांनी शिशाच्या पट्ट्या कमकुवत होऊन फलक फुगतात व पाणी झिरपू लागते. लोखंडी गज गंजल्यास भोवतालचा दगडही तडकतो. पुरेसे न भाजलेले रंग झडून चेहऱ्यांवरील रेषा पुसट होतात. अशा वेळी फलक उतरवून नव्या शिशात बसविणे किंवा बाहेरून हवा खेळती राहील असे संरक्षक काचेचे आवरण लावणे हे उपाय केले जातात. चर्च बंद होणे किंवा अंतर्भागाची पुनर्रचना होणे यांमुळेही काही खिडक्या धोक्यात येतात. चर्च ऑफ आयर्लंडमधील काचचित्रांची पद्धतशीर नोंद 'ग्लिने' या प्रकल्पाद्वारे करण्यात आली आहे. हार्डमन संस्थेची बरीच कागदपत्रे बर्मिंगहॅममध्ये, तर अर्ली संस्थेची डब्लिनमध्ये जतन केलेली आहेत. सही नसलेल्या खिडकीचा कर्ता व काळ निश्चित करण्यासाठी ही कागदपत्रे विशेष उपयुक्त ठरतात.