चौथऱ्यावरील इंजिन

मोठ्या स्टेशनाबाहेर किंवा रेल्वेच्या कारखान्याच्या दारांत चौथऱ्यावर उभें केलेलें वाफेचें इंजिन पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. त्याच्या भोंवतीं सांखळी असते, पुढें नांवाची पाटी असते, आणि एखादा समारंभ जवळ आला कीं त्यावर काळ्या रंगाचा नवा हात फिरतो. मुलें त्याच्या चाकांवर चढतात, प्रवासी त्याच्या सावलीस टेकतात, आणि या वृद्ध सेवकास आतां कायमची विश्रांति मिळाली असें सर्वांस वाटतें. वस्तुतः त्याच्या आयुष्यांतील सर्वांत धोक्याचा काळ त्याच दिवशीं सुरू झालेला असतो. धांवत्या इंजिनाची तपासणी रोज होते, त्यास तेल मिळतें, त्याची राख काढली जाते. उभ्या इंजिनाकडे पाहणारे हजारों. पण हातोडीनें पत्रा ठोकून पाहणारा कोणी नसतो.

मग कधीं तरी पत्रा फुटतो आणि प्रश्न उभा राहतो कीं, याचें पुढें काय करावयाचें? मोडींत काढावें, छपराखालीं न्यावें, कीं पुन्हां वाफ भरून चालवावें? या प्रश्नाच्या सर्व बाजू एकाच ठिकाणीं पाहावयाच्या असतील, तर ईस्ट इंडियन रेल्वेच्या २२ क्रमांकाच्या इंजिनाचें चरित्र पाहावें. ‘फेअरी क्वीन’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे.

इ. स. १८५५ मध्यें इंग्लंडांतील लीड्स येथें किटसन, थॉम्प्सन आणि ह्यूइटसन यांच्या कारखान्यांत हें इंजिन तयार झालें आणि त्याच वर्षीं कलकत्त्यास येऊन पोंचलें. हावड्याहून हुगळीस जाणारी पहिली गाडी १५ ऑगस्ट १८५४ रोजीं सुटली होती, आणि १८५५ च्या फेब्रुवारींत राणीगंजच्या कोळशाच्या मुलखापर्यंत मार्ग खुला झाला होता. या मार्गावर हलक्या डाकगाड्या ओढणें हें त्याचें पहिलें काम. वजन सुमारें २६ टन. पुढें लहान चाकांची एक जोडी, मध्यें मोठ्या चाकांची एक, आणि मागें पुन्हां एक लहान जोडी. पाण्याची टाकी खालीं, चौकटीच्या आंतच बसविलेली. त्यामुळें मागें कोळशापाण्याचा वेगळा डबा जोडण्याचें कारण नव्हतें. ताशीं सुमारें २५ मैल ही त्याची धांव. १८५७ च्या उठावांत त्यानें इंग्रजांच्या पलटणी वाहिल्या. पुढें बिहारांतील लोहमार्गाच्या बांधणीवर तें राबलें. ‘फेअरी क्वीन’ हें नांव त्यास मिळालें १८९५ मध्यें, म्हणजे चाळीस वर्षें नुसत्या क्रमांकावर चाकरी केल्यानंतर! १९०९ मध्यें तें सेवेंतून निघालें आणि हावडा स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढलें.

मुंबईकडील इंजिनांच्या नशिबीं एवढेंहि नव्हतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली एकवीस मैलांची पहिली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनीं ओढली, हें शाळेंतील मुलांनाहि पाठ असतें. परंतु त्या तिहींपैकीं एकहि आज पाहावयास मिळत नाहीं. नांवें राहिलीं, लोखंड गेलें. तेव्हां हावड्याच्या चौथऱ्यानें इंजिनास ऊनपाऊस दाखविला हें खरें. तथापि तें भंगारांत जाऊं दिलें नाहीं, हें त्याचें श्रेय मान्य केलेंच पाहिजे.

उघड्यावर उभ्या राहिलेल्या इंजिनाचा नाश कसा होतो, हें नीट समजल्यावांचून त्याच्या भवितव्याचा निर्णय करतां येत नाहीं. बॉयलरच्या अंगावर उष्णता धरून ठेवणारें आवरण असतें व त्यावर पातळ पत्र्याचें वेष्टन असतें. पावसाचें पाणी पत्र्याच्या सांध्यांतून आंत शिरतें, आंतील आवरण तें स्पंजासारखें धरून ठेवतें, आणि बॉयलरचा जाड पत्रा पावसाळा संपल्यावरहि कित्येक महिने ओला राहतो. धुराच्या पेटींत व जाळीखालीं राहून गेलेल्या राखेंत कोळशांतील गंधकाचा अंश असतो. त्यास ओल मिळाली कीं आम्ल तयार होतें आणि तें लोखंडास आंतून खातें. चाकें फिरत नाहींत, म्हणून आंसांच्या पेट्यांतील तेल सुकतें. पितळेचे व तांब्याचे सुटे भाग चोरांच्या डोळ्यांत भरतात. हें सर्व चालू असतां बाहेरून रंगाचे थर चढतच असतात, आणि पाहणारास इंजिन पूर्वींपेक्षांहि तुकतुकीत दिसतें.

फेअरी क्वीन हावड्याच्या चौथऱ्यावर चौतीस वर्षें होतें. महायुद्ध चालू असतां १९४३ मध्यें तें संयुक्त प्रांतांतील चंदौसी येथें रेल्वेच्या शिक्षणशाळेंत नेण्यांत आलें. तेथें तें नव्या उमेदवारांच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिलें. १९७२ मध्यें सरकारनें त्यास राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला; आणि दिल्लीस चाणक्यपुरींत १९७७ मध्यें रेल्वेचें संग्रहालय उघडलें, तेव्हां तेथील मानाची जागा त्याची झाली.

या संग्रहालयाच्या उभारणींत मायकेल सॅटो या इंग्रज गृहस्थांचा मोठा वांटा होता. ते रेल्वे मंत्रालयाचे मानद सल्लागार होते. मायदेशीं परतल्यावर त्यांच्यापुढें याच प्रकारचा एक प्रश्न आला. स्टॉकटन-डार्लिंग्टन लोहमार्ग २७ सप्टेंबर १८२५ रोजीं सुरू झाला, त्या दिवशींची गाडी ओढणारें ‘लोकोमोशन’ हें इंजिन अनेक वर्षें डार्लिंग्टनच्या स्टेशनांत चौथऱ्यावर उभें होतें. १९२५ च्या शतसांवत्सरिक उत्सवांत तें पुन्हां चालवून दाखविण्याची हौस लोकांस झाली. परंतु बॉयलरवर भरंवसा ठेवण्याजोगा नव्हता. तेव्हां मागच्या डब्यांत पेट्रोलचें यंत्र लपवून त्यानें इंजिनास ढकललें, आणि धुराड्यांत तेलकट बोळे जाळून धूर काढला! १९७५ मध्यें दीडशेंवें वर्ष आलें. या वेळीं सॅटो यांच्या मार्गदर्शनाखालीं हुबेहूब नवें इंजिन बांधण्यांत आलें. उत्सवांत धांवलें तें नवें. जुन्यास कोणी हात लावला नाहीं. जुन्या लोखंडास न छळतां धांवत्या इंजिनाचें दर्शन घडविण्याचा हा मार्ग खर्चाचा असला, तरी सरळ होता.

आपल्याकडील परंपरेंत या वादाचें मूळ फार जुनें आहे. ज्या देवळांत पूजाअर्चा चालू आहे त्याचा जीर्णोद्धार होतो; झिजलेला दगड काढून नवा बसवितात, शिखर पुन्हां बांधतात, आणि देऊळ बदललें असें कोणी म्हणत नाहीं. कारण देवळाचें देवळपण त्यांतील नित्य उपासनेंत असतें. परंतु ताम्रपटाचीं अक्षरें पुसट झालीं म्हणून तीं कोणी नव्यानें कोरून काढूं लागला, तर त्यास शहाणा म्हणणार नाहींत. ताम्रपट हा पुरावा आहे. त्याची पुसट अक्षरेंसुद्धां साक्ष देतात. जुनें इंजिन हें देऊळ मानावयाचें कीं ताम्रपट मानावयाचें, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सर्व निर्णय अवलंबून असतो.

फेअरी क्वीनच्या बाबतींत भारतानें देवळाचा पक्ष घेतला. १८ जुलै १९९७ रोजीं, अठ्ठ्याऐंशीं वर्षांच्या मौनानंतर, तें पुन्हां मुख्य लोहमार्गावर धांवलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून तें प्रवाशांची गाडी घेऊन दिल्लीहून अलवारास जाऊं लागलें. नियमित चालणारें जगांतील सर्वांत जुनें इंजिन म्हणून १९९८ च्या जानेवारींत गिनेस बुकानें त्याची नोंद केली.

या निर्णयामागें केवळ हौस होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. रुंद मार्गावरील वाफेच्या नियमित गाड्या १९९५ मध्यें बंद झाल्या होत्या. फायरमननें जाळीवर कोळसा कसा पसरावा, चढणीच्या आधीं वाफेचा दाब कसा राखावा, रिव्हेटाचा आवाज ऐकून ती सैल आहे हें कसें ओळखावें, ही विद्या पुस्तकांत फारशी नसते. ती हातांत असते, आणि ते हात तेव्हां निवृत्त होऊं लागले होते. इंजिन चालू ठेवलें तरच ती विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते. चौथऱ्यावरील इंजिन लोखंड जपील, पण हें ज्ञान जपणार नाहीं. शिवाय शिटी वाजवीत, श्वास टाकीत येणारें इंजिन पाहून मुलास जें कळतें, तें दहा पाट्या वाचून कळत नाहीं.

पण त्याची किंमतहि मोजावी लागते. चालणाऱ्या इंजिनाच्या बॉयलरची पाण्याच्या दाबानें परीक्षा घ्यावी लागते, आणि तींत जो पत्रा उतरत नाहीं तो माणसांच्या जीवासाठीं काढावाच लागतो. नळ्या, पिनी, धारवे झिजतात व बदलतात. अशा प्रत्येक दुरुस्तींत १८५५ चें कांहीं तरी कमी होतें. यावर २०११ मध्यें आणखी एक आघात झाला: फेअरी क्वीनचे अनेक भाग चोरीस गेले, आणि त्यास मद्रासजवळच्या पेरांबूर येथील कारखान्यांत पाठवून मोठ्या प्रमाणावर पुन्हां घडवावें लागलें. २०१२ च्या अखेरीस तें दुरुस्त होऊन धांवलें, तरी प्रवाशांना घेऊन त्याच्या फेऱ्या पुन्हां सुरू होण्यास २०१७ साल उजाडलें.

याच इंजिनाचें एक भावंड आहे. २१ क्रमांकाचें ‘एक्सप्रेस’ हें इंजिन त्याच कारखान्यांत, त्याच वर्षीं जन्मलेलें. तें बिहारांत जमालपूरच्या कारखान्यांत बहुत वर्षें चौथऱ्यावर होतें. त्यासहि पेरांबूरला नेऊन २०१० मध्यें पुन्हां चालतें करण्यांत आलें, आणि त्या वर्षीं स्वातंत्र्यदिनीं तें धांवलें. कारागिरांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. तरीहि येथें एक संधि हातची गेली, असें म्हणणें प्राप्त आहे. एकाच वयाचीं, एकाच घडणीचीं दोन इंजिनें दैवयोगानें उरलेलीं होतीं. एकास देऊळ करावें आणि दुसऱ्यास ताम्रपट म्हणून छपराखालीं जसेंच्या तसें ठेवावें, ही सोय जगांत फार थोड्यांच्या वांट्यास येते. तसें केलें असतें, तर एक धांवलें असतें, आणि लीड्सच्या कारागिरानें मूळ काम कसें केलें होतें तें पाहण्यासाठीं दुसऱ्याजवळ जातां आलें असतें. एक्सप्रेसची दशा आधींच वाईट झाली होती, असें यावर उत्तर देतां येईल, आणि त्यांत तथ्य आहे. पण मग दोष चौथऱ्यावरील वर्षांचा ठरतो. छप्पर वेळीं घातलें असतें, तर निवड करण्यास कांहीं तरी शिल्लक राहिलें असतें.

देशांत अजून कितीतरी इंजिनें स्टेशनांच्या व कारखान्यांच्या दारांत उभीं आहेत. त्यांतील प्रत्येक चालूं शकणार नाहीं, आणि प्रत्येकानें चालावें असेंहि नाहीं. ज्या जातीचीं पुष्कळ इंजिनें उरलीं आहेत, त्यांतील एकदोन चालवावींत. बाकीच्यांचे भाग त्यांच्या उपयोगीं पडतील. जें एकटेंच उरलें आहे, त्यास ताम्रपटाचा मान द्यावा. कोणताहि मार्ग घेतला, तरी काढलेला प्रत्येक भाग क्रमांक घालून जपावा आणि नव्या भागावर त्याचें साल कोरावें, म्हणजे पुढील पिढीस जुनें कोणतें व नवें कोणतें हें सांगतां येईल. परंतु या सर्वांच्या आधीं करण्याचें काम लहान आहे व आजचें आहे: राख काढणें, आवरण उतरवून पत्रा कोरडा करणें, आणि डोक्यावर छप्पर घालणें. मोठा निर्णय दहा वर्षांनीं घेतला तरी चालेल. गंज तेवढे दिवस थांबत नाहीं.