संगणकावरील तालरचना आणि खान्देशातील लोकवाद्ये : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१९०६ साली विभागल्या गेलेल्या खान्देशातूनच आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे आकारास आले. पुढे १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. 'हाई झुमका वाली पोर'सारख्या गीतांमुळे या प्रदेशाची अहिराणी चालू दशकात बोलीच्या सीमेबाहेर पोहोचली. अशा गीतांच्या निर्मितीत संगणकावर बांधलेला ठेका आता रूढ झाला आहे. या तंत्राची जडणघडण व लोकतालावरील त्याचा परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्राची वाटचाल :
जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये 'टीआर-८०८' हे तालयंत्र बाजारात आणले. त्यात सोळा कळांची ओळ असून जी कळ दाबावी त्या क्षणी आघात होई. मुंबईतील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी १९८२ साली याच यंत्राच्या ठेक्यावर दहा राग ध्वनिमुद्रित केले. १९९७ मध्ये बेल्जियमच्या इमेज-लाइनने 'फ्रूटीलूप्स' हे सॉफ्टवेअर आणले. २००३ पासून ते 'एफएल स्टुडिओ' म्हणून ओळखले जाते. सोळा कळांच्या जागी पडद्यावर सोळा घरे आली. प्रत्येक वाद्यासाठी एक ओळ, घर भरले की आघात, रिकामे ठेवले की शांतता आणि ओळ संपली की पुन्हा आरंभ, अशी ही 'स्टेप सिक्वेन्सर'ची रीत आहे.

शून्याचे दोन अर्थ :
ताल घरांत मांडणे आपणांस नवे नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत मात्रा ओळीने लिहून खाली शून्याने दर्शविली जाते. मात्र तेथे शून्य म्हणजे मौन नव्हे. खालीच्या विभागात डग्ग्याचा घुमार विरतो, चाटीवरील बोल चालूच राहतात आणि समेची ओढ निर्माण होते. यंत्रातील रिकामे घर ही ओढ जाणत नाही. ती रचनाकारानेच जाणून भरावी लागते. शिवाय सोळा घरांत आठ मात्रांचा केरवा सहज बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्यास बारा, तर सात मात्रांच्या रूपकास चौदा घरे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये घरांची संख्या बदलता येते. परंतु जे आयते समोर येते तेच घाईत वापरले जाते.

खान्देशातील प्रश्न :
कानबाईच्या उत्सवातील गाणी असोत वा सातपुड्याच्या पायथ्याशी होळीपूर्वीच्या भोंगऱ्यात घुमणारा पावरा बांधवांचा ढोल, येथे लय माणसांच्या पावलांबरोबर चढते-उतरते. नाचणारे थकले की वादक हात सैल करतो. एकदा ठरवलेली गती यंत्र मात्र तशीच चालू ठेवते. आघाताचा जोर कमी-जास्त करणे, तो किंचित पुढे-मागे सरकवणे या सोयी त्यात आहेत. पण कोणता आघात किती सरकवावा, हे ज्ञान वादकाच्या हातात आहे.

निष्कर्ष :
दोष यंत्राचा नाही. अल्प खर्चात गीतनिर्मिती शक्य झाल्याने अहिराणीस नवा श्रोता लाभला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि चौकटीतला ढोलच पुढील पिढीच्या कानी पडत राहिला, तर तोच मूळ ढोल ठरेल आणि तुलनेसाठी दुसरा उरणार नाही. म्हणून महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व संगीत विभागांनी वृद्ध वादकांचे संपूर्ण वादन, नाचणाऱ्यांसह, ध्वनिमुद्रित करून जतन करणे अगत्याचे आहे. घरे कशी भरावीत हे त्यातूनच नव्या रचनाकारास कळेल.