बाहेरून लिहिणारे

मराठी पत्रकारितेचा इतिहास आपल्याला बहुतेक वेळा संपादकांचा इतिहास म्हणूनच शिकवला जातो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, टिळकांनी ‘केसरी’ गाजवला, वगैरे. मी शोधत होतो ती माणसं वेगळी. त्यांच्या मालकीचं वर्तमानपत्र नव्हतं, कुठल्या कचेरीत त्यांची खुर्ची नव्हती, तरी त्यांचं लेखन छापून आलं आणि टिकलं. आज ज्याला आपण ‘फ्रीलान्स’ म्हणतो, त्याचे पूर्वज.

शोधायचं कारण साधं आहे. मी प्रकाशाला राहतो. शहादा तालुक्यात, तापी आणि गोमाईच्या संगमावर. लोक याला दक्षिण काशी म्हणतात. इथून लिहायचं ठरवलं की पहिली वाट दिसते ती तालुका वार्ताहराची. पण त्या कामात अनेकदा पगार नसतो. जाहिराती आणायच्या आणि त्यावरचं कमिशन घ्यायचं. आणि ज्याच्याकडून जाहिरात घेतली, त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहिणार? म्हणून दुसरी वाट आहे का, हे बघणं भाग होतं.

ती आहे, आणि बरीच जुनी आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांनी १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहायला सुरुवात केली. तेव्हा त्यांचं वय होतं पंचविशीच्या आसपास. १८५० पर्यंत १०८ पत्रं झाली, तीच ‘शतपत्रे’. पोट नोकरीवर चालत होतं, म्हणून लेखणीला कुणाची मर्जी राखावी लागली नाही. टोपणनावाची आडही होती. स्वतःच्याच समाजातल्या भटभिक्षुकीवर आणि आळसावर त्यांनी जे कोरडे ओढले, ते आजही वाचताना झोंबतात.

लोकहितवादींकडे निदान शिक्षण आणि हुद्दा होता. मुक्ता साळवेकडे काय होतं? मांग समाजातली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी, साधारण चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत आला. कुणाकडून माहिती गोळा करून तिने तो लिहिला नव्हता. जे तिच्या लोकांवर गुदरत होतं, तेच तिने नावानिशी मांडलं. त्या काळातल्या कुठल्याही संपादकाला हे घरबसल्या लिहिता आलं नसतं. बाहेरून लिहिणाऱ्याचं खरं भांडवल हे: इतरांना पोहोचता येत नाही, तिथे तो आधीपासून असतो.

तिसरं नाव अनिल अवचट यांचं. ओतूरचा मुलगा, पुण्यात एमबीबीएस झालेला. बिहारच्या दुष्काळात तिकडे गेला आणि जे पाहिलं त्यातून १९६९ साली ‘पूर्णिया’ हे पुस्तक आलं. पुढे हमाल, विडी कामगार, भटक्या जमाती अशा लोकांत जाऊन बसणं, ऐकणं आणि साध्या भाषेत लिहिणं हेच त्यांचं काम झालं. वर्तमानपत्राची नोकरी नाही, दवाखानाही नाही. मग घर कसं चाललं? पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या, त्यावर. मुक्त पत्रकारितेच्या गोष्टी सांगताना हा हिशेब वगळला जातो. तो वगळू नये. लोकहितवादींचा पगार असो की सुनंदाताईंचा, प्रत्येक ‘मुक्त’ लेखणीमागे कुणीतरी किराणा भरलेला असतो.

अवचटांनी इतरांसाठीही दार उघडलं. १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’च्या ज्या विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं, तो अंक अवचटांनीच संपादित केला होता.

त्याच १९७२ साली आमच्या शहादा भागात श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासी शेतमजुरांची मजुरी आणि हातून गेलेल्या जमिनी हे तिचे प्रश्न. अंबरसिंग महाराज इथलेच. दीनानाथ मनोहर यांच्यासारखे कार्यकर्ते बाहेरून आले, राहिले आणि पुढे लेखक म्हणून ओळखले गेले. म्हणजे लिहिण्यासारखं इथे काही घडत नाही, असं नाही. लिहिणारा बहुतेक वेळा बाहेरून यावा लागला, एवढंच.

गावच्या टेकाडाचंही तेच. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी ते खणलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर सापडले. रंगीत खापरं इथल्या मातीतच होती. त्यांची नोंद करणारा माणूस दिल्लीच्या खात्यातून आला.

मग आज सुरुवात कशी करायची? मी शिकलो ते असं. संपादकाला विषय पाठवू नका, प्रश्न पाठवा. ‘पपईवर लिहू का?’ याला उत्तर येत नाही. ‘शहाद्याच्या पपईचा दर बांधावर कोण ठरवतं, आणि शेतकरी तोडणी का थांबवतात?’ याला येतं. ई-मेल दहा ओळींचा ठेवा: काय घडलंय, कुणाबरोबर, आत्ताच का लिहायचं, कुणाशी बोलून झालंय, फोटो आहेत का. शब्दसंख्या आणि मानधन लिहायच्या आधी विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नकार आला तर तोच प्रश्न दुसरीकडे पाठवा. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’सारख्या ठिकाणी तर गावाकडचं रोजचं जगणं हाच मुख्य विषय आहे, आणि तिथे मराठीतही वाचायला मिळतं. पाठवण्याआधी तिथले दहा लेख वाचा. आणि उत्पन्नाचं दुसरं साधन सोडू नका.

गुरू सिंह राशीत गेला की दर बारा वर्षांनी प्रकाशाला गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. तेव्हा कॅमेरे येतील, गर्दीचे आकडे छापून येतील आणि गाड्या परत जातील. यात्रेनंतर घाटावरचा कचरा कुणी उचलला, त्याला मजुरी किती आणि कधी मिळाली, हे विचारायला मात्र इथेच राहणारं कुणीतरी लागेल.