आभासी नौदल लढाऊ स्क्वॉड्रनमधील प्रशिक्षण

आभासी नौदल लढाऊ स्क्वॉड्रन म्हणजे संगणकावरील सिम्युलेटरमध्ये नौदलाच्या हवाई तुकडीप्रमाणे एकत्र उड्डाण करणाऱ्या हौशी व्यक्तींचा गट होय. ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये २०१८ साली एफ/ए-१८सी हॉर्नेट व २०१९ साली एफ-१४ टॉमकॅट ही विमाने उपलब्ध झाली. अशा अनेक गटांत अमेरिकी नौदलाची कार्यपद्धती अनुसरली जाते.

नवागताची खरी कसोटी विमानवाहू नौकेवर उतरताना लागते. दिवसा, स्वच्छ हवामानात विमान ८०० फुटांवरून नौकेजवळ येते, वळून ६०० फुटांपर्यंत खाली येते आणि अखेरच्या टप्प्यात वैमानिक नौकेवरील ‘मीटबॉल’ हा दिवा पाहून उताराचा कोन राखतो. चाके टेकताच इंजिन पूर्ण शक्तीवर न्यावे लागते. शेपटीकडील आकडा तारेत अडकला नाही, तर विमानाला पुन्हा झेप घ्यावी लागते. जमिनीवरील धावपट्टीवर याच क्षणी शक्ती कमी करण्याची सवय असते. ती मोडणे बहुतेकांना जड जाते.

टॉमकॅटमध्ये मागे बसणाऱ्या रडार अधिकाऱ्याचे शिक्षण वेगळे असते. त्याच्यापुढे विमान वळवण्याचा दांडा नसतो. लक्ष्याची दिशा, अंतर आणि उंची मोजक्या शब्दांत वैमानिकाला सांगणे, हेच त्याला आधी शिकावे लागते.